रूळ, एसटी आणि फेरीबोट

कल्याणहून आपल्या वाशिंदपर्यंत आगगाडी आली ती १ ऑक्टोबर १८५५ रोजी. इथून आसनगाव म्हणजे पुढचंच स्टेशन, पण रूळ तिथे पोचायला फेब्रुवारी १८६० उजाडला आणि कसाऱ्यापर्यंत गाडी गेली १ जानेवारी १८६१ ला. चार वर्षांहून अधिक काळ या बाजूच्या लोहमार्गाचं शेवटचं टोक वाशिंद होतं. थळ घाटाकडे निघालेल्या माणसाला पुढची वाट इथून गाडीरस्त्यानेच धरावी लागे. आता कोकणाकडे पाहा. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा कोकण रेल्वेचा अखंड मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. वाशिंदला गाडीची शिट्टी ऐकू आली त्यानंतर सुमारे एकशे चाळीस वर्षांनी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या माणसाला घरून निघून रुळावरून मुंबई गाठता आली.

एवढा उशीर का झाला, हे कळलं की कोकण किनाऱ्यावर स्वतःच्या गाडीशिवाय कसं फिरायचं हेही बरंचसं कळतं. कारण दोन्हींचं मूळ एकच आहे: खाडी.

सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्रापर्यंतची कोकणपट्टी साधारण पन्नास ते ऐंशी किलोमीटर रुंद. एवढ्या थोड्या अंतरात कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना, वाघोटन, गड, कर्ली, तेरेखोल अशा नद्या घाटावरून उड्या मारत खाली येतात आणि पश्चिमेकडे धावतात. त्यांच्या मुखाशी समुद्र दरीत शिरलेला आहे. भरतीचं पाणी नदीतून कित्येक किलोमीटर आत चढतं. महाड, चिपळूणजवळचं गोवळकोट, राजापूर ही आज डोंगराच्या जवळ वाटणारी ठिकाणं एके काळी बंदरं होती ती यामुळेच. खाडी मुखाशी रुंद आणि आत अरुंद असते. ज्याला उत्तर-दक्षिण रस्ता किंवा रूळ टाकायचा आहे, त्याला किनाऱ्यालगत गेलं तर दर काही मैलांवर प्रचंड पूल बांधावा लागतो. आत सरकलं तर पूल लहान होतात, पण डोंगर आडवे येतात. कोकण रेल्वेने महाराष्ट्रात दुसरी वाट निवडली. सबंध मार्गावर मिळून ९१ बोगदे खोदले, त्यातला उक्शी आणि भोके या स्टेशनांच्या मधला करबुडेचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. रत्नागिरीच्या दक्षिणेला पानवल नदीवर ६४ मीटर उंचीचा पूल उभारला. याउलट कर्नाटकात होन्नावरला हा मार्ग समुद्राच्या जवळ आला, तर तिथे एकट्या शरावती नदीवर दोन किलोमीटरहून लांब पूल बांधावा लागला. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या कामाचं कौतुक आपण बोगद्यांसाठी आणि पुलांसाठी करतो. प्रवाशाने त्यातून लक्षात ठेवायची गोष्ट वेगळी आहे. रेल्वे तुम्हाला किनाऱ्यावर नेत नाही. ती किनाऱ्याला समांतर, पण बरीच आतून जाते.

नकाशावर पाहिलं तर कोकणातली सार्वजनिक वाहतूक माशाच्या काट्यासारखी दिसते. मधला कणा म्हणजे रेल्वे आणि मुंबई-गोवा महामार्ग. कण्यातून पश्चिमेकडे निघणारे बारीक काटे म्हणजे एसटीचे रस्ते: माणगावहून श्रीवर्धन, खेडहून दापोली आणि हर्णै, चिपळूणहून गुहागर, कणकवलीहून देवगड, कुडाळहून मालवण आणि वेंगुर्ला. प्रत्येक काट्याच्या टोकाला एक बंदर किंवा किनारा. आणि एका टोकावरून शेजारच्या टोकावर जायचं, तर मध्ये खाडी. तिथे रूळ नाही, एसटीही नाही. तिथे होडी, तर किंवा फेरीबोट. या तिन्ही गोष्टींचा मेळ ज्याला घालता आला, त्याला सबंध किनारा खुला झाला. ज्याने फक्त किलोमीटर मोजले, तो दापोलीत उभा राहून खाडीपलीकडच्या गुहागर तालुक्यासाठी खेड, चिपळूण असा शंभराच्या आसपास किलोमीटरचा वळसा घालतो.

इटलीचा वायव्य किनारा याच्या अगदी उलट आहे, म्हणून त्याच्याशी तुलना उपयोगी पडते. लिगुरिया प्रांतात चिंक्वे तेर्रे नावाने ओळखली जाणारी पाच गावं आहेत: मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निलिया, मानारोला आणि रिओमाज्जोरे. तिथे डोंगर थेट समुद्रात उतरतो. मोठी नदी नाही, खाडी नाही, आत सरकायला सपाट पट्टीही नाही. म्हणून १८७४ मध्ये पूर्ण झालेला ला स्पेत्सियाकडचा लोहमार्ग डोंगराच्या पोटातून, किनाऱ्याला चिकटून गेला. गाडी बोगद्यातून बाहेर पडते ती गावातच, आणि पुढच्या मिनिटाला पुन्हा बोगद्यात शिरते. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला काही मिनिटं लागतात. फक्त कोर्निलिया गाव उंच कड्यावर असल्यामुळे स्टेशनावरून पावणेचारशेहून जास्त पायऱ्या चढाव्या लागतात. दक्षिणेला नेपल्सच्या पुढचा अमाल्फी किनारा मात्र रेल्वेविना आहे. नेपल्सहून सोर्रेंतोपर्यंत छोटी गाडी जाते, तिथून कड्यावर कोरलेल्या अरुंद रस्त्याने सिता कंपनीची बस. तिकीट बसमध्ये चढण्याआधी तंबाखूच्या दुकानातून घ्यायचं. सालेर्नो, अमाल्फी, पोझितानो या गावांमध्ये हंगामात बोटीही चालतात. गर्दीच्या दिवसांत खासगी मोटारींवर नंबरप्लेटच्या सम-विषम आकड्यांनुसार बंधन घालण्याची वेळ तिथल्या प्रशासनावर आली आहे.

तिथल्या प्रवाशाची अडचण गर्दीची आहे. बस भरून येते आणि थांब्यावर न थांबता निघून जाते. आपल्याकडची अडचण वारंवारितेची आहे. गाडीत जागा मिळते, पण ती दिवसातून दोनदाच असते. म्हणून तिथे चालणारी "थांब्यावर जाऊन उभं राहा, येईल ती पकडा" ही रीत कोकणात चालत नाही. इथे आधी शेवटची गाडी विचारायची आणि मग पहिली.

एसटीचं कोकणातलं वेळापत्रक पर्यटकासाठी आखलेलं नाही. ते शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी, तालुक्याला कचेरीच्या कामाला किंवा दवाखान्यात जाणाऱ्यांसाठी, बाजाराला निघालेल्या बायकांसाठी आखलेलं आहे, आणि तसंच असायला हवं. त्यातली मुक्कामी गाडी ओळखली की अर्धा प्रवास सुटतो. संध्याकाळी आगारातून सुटलेली ही गाडी रात्री किनाऱ्यावरच्या शेवटच्या गावात थांबते. चालक आणि वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी तालुक्याकडे परत निघते. म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ म्हणणाऱ्याची गैरसोय होते, कारण गाड्यांचा ओघ नेमका उलटा असतो. संध्याकाळी पोचून रात्री गावात राहणाऱ्याची मात्र उत्तम सोय होते. कोकणात एसटीने फिरायचं तर रोज रात्री किनाऱ्यावर मुक्काम करायचा, ही माझी पहिली आणि आग्रहाची सूचना.

रस्ते आणि पूल होण्याआधी या किनाऱ्यावर उत्तर-दक्षिण प्रवास समुद्रातूनच होत असे. मुंबईहून सुटलेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत खाली जायची. बहुतेक ठिकाणी ती खोल पाण्यात उभी राही आणि किनाऱ्यावरून आलेल्या पडावांत उतारू, ट्रंका, पोरंबाळं उतरवली जात. पावसाळ्यात ही लांब पल्ल्याची वाहतूक बंद असे, म्हणून गिरणीत काम करणारा चाकरमानी गावी जायचा तो शिमग्याला किंवा मे महिन्यात. या प्रवासाने माणसंही खाल्ली. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. रायगडच्या किनारी गावांत ही आठवण अजून जिवंत आहे. पुढच्याच वर्षी, १ जून १९४८ रोजी, पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. एसटीचं जाळं जसजसं कोकणात पसरत गेलं तसतशी आगबोट मागे पडली. तिच्याबरोबर एका बंदरावरून थेट पुढच्या बंदरावर जाण्याची सोयही गेली. आजच्या खाड्यांवरच्या फेरीबोटी त्या तुटलेल्या साखळीच्या काही कड्या पुन्हा जोडतात.

आता वाशिंदहून निघू. मुरबाडच्या वाचकाने एसटीने कल्याण गाठावं, शहापूरच्या वाचकाने आसनगाव. पुढचं सगळ्यांना एकच.

उत्तरेकडचा किनारा थोडक्यात सांगतो, कारण तिथे रूळ आणि समुद्र त्या मानाने जवळ आहेत. दिवा-वसई मार्गाने किंवा दादरला गाडी बदलून पश्चिम रेल्वेवर जायचं. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल जाते. केळवे, सातपाटी, चिंचणी, डहाणू, बोर्डी, सगळ्या ठिकाणी स्टेशनावरून एसटी किंवा रिक्षा आहे आणि एका दिवसात जाऊन परत येता येतं. ज्याला सवय करायची आहे त्याने इथून सुरुवात करावी.

दक्षिणेचा खरा प्रवास अलिबागपासून सुरू होतो, आणि अलिबागला जाण्याचा वाशिंदकरासाठी सगळ्यात सुंदर रस्ता २०२४ च्या जानेवारीत तयार झाला. त्या महिन्यात खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत लोकल सुरू झाली. वाशिंदहून ठाणे, ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्गाने नेरुळ, नेरुळहून उरण. उरणहून बस किंवा रिक्षाने करंजा. करंज्याच्या धक्क्यावरून लाँच धरमतरची खाडी ओलांडून रेवसला सोडते आणि रेवसहून एसटी अलिबागला. लोकलच्या तिकिटात समुद्रापर्यंत आणि तिथून थोड्याशा पैशांत पलीकडे. पेण, वडखळ मार्गाने पनवेलहून एसटी आहेच. पण वडखळच्या कोंडीत अडकण्यापेक्षा खाडीवरचा वारा घेणं मी केव्हाही पसंत करेन. हवामान चांगलं असेल आणि घाई नसेल, तर मुंबईतून गेटवे ते मांडवा ही बोटही आहे. तिच्या तिकिटात मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मार्च २०२० पासून रो-रो बोट जाते. ती मोठी असल्याने समुद्र जरा खवळला तरी कमी हलते. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचं तर हीच बरी.

अलिबागहून मुरूडची एसटी चौल, रेवदंडा, काशीद असा पन्नासेक किलोमीटरचा रस्ता घेते. खिडकी उजवीकडची धरा. रेवदंड्याला कुंडलिकेच्या खाडीवर पूल आहे, त्यामुळे इथे उतरावं लागत नाही. पूल ओलांडला की कोर्लईचा किल्ला समुद्रात सरकलेला दिसतो आणि मग बराच वेळ रस्ता पाण्याला धरूनच जातो. मुरूडला मुक्काम. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा पाहिला, की दुसऱ्या दिवशी आगरदांडा गाठायचा. आगरदांडा ते दिघी ही आपल्या प्रवासातली पहिली फेरीबोट, जिच्यात माणसं, दुचाकी, मोटारी, टेम्पो सगळं एकत्र चढतं. दिघीहून बोर्ली पंचतन, दिवेआगर, श्रीवर्धन. श्रीवर्धनला एसटीचं आगार आहे, म्हणून इथे वेळा पक्क्या विचारून घ्याव्यात. हरिहरेश्वर करून बागमांडल्याला उतरलं की समोर सावित्रीची खाडी आणि पलीकडे वेसवी. खाडीच्या या बाजूला रायगड जिल्हा संपतो, त्या बाजूला रत्नागिरी सुरू होतो.

या फेरीबोटींबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये वाशिष्ठीच्या खाडीवर २००३ मध्ये मोटारी वाहणारी फेरीबोट सुरू झाली. दाभोळचे डॉ. चंद्रकांत मोकल यांच्या सुवर्णदुर्ग शिपिंग या कंपनीने ती सुरू केली आणि पुढे वेसवी-बागमांडला, तवसाळ-जयगड अशा खाड्यांवरही हीच सोय उभी केली. स्थानिक लोक तिला जंगलजेटी म्हणतात. बोटीचं तोंड सपाट असतं. ते धक्क्याच्या उतारावर टेकलं की फळी खाली येते, आधी गाड्या बाहेर पडतात, मग माणसं. दहा-पंधरा मिनिटांत पलीकडचा किनारा. पूर्वी अशा खाडीवर तर चालायची, म्हणजे माणसं आणि फार तर सायकल. आजारी माणूस, बाळंतीण, आंब्याच्या पेट्या, लग्नाचं वऱ्हाड या सगळ्यांना होडीची आणि भरती-ओहोटीची वाट पाहावी लागे किंवा दूरचा वळसा घ्यावा लागे. शासनाने पूल बांधेपर्यंत लोकांनी थांबायचं नाही, असं ठरवून एका बंदरगावातून ही व्यवस्था उभी राहिली. किनारपट्टीच्या वाहतुकीच्या इतिहासात तिची नोंद आदराने व्हायला हवी.

पायी माणसासाठी एक व्यवहाराची गोष्ट. फेरीबोट पलीकडे लागली की मोटारीवाले क्षणात निघून जातात आणि धक्क्यावर एसटी उभी असेलच असं नाही. वेसवी, धोपावे, तवसाळ, दिघी हे धक्के मोठ्या गावांपासून दूर आहेत. म्हणून अलीकडच्या धक्क्यावरच तिकीट देणाऱ्याला विचारावं: "दादा, पलीकडून दापोलीची गाडी किती वाजता?" त्याला ती तोंडपाठ असते. गाडीला अवकाश असेल तर बोटीतच एखाद्या टेम्पोवाल्याशी बोलून ठेवावं. कोकणात असं विचारण्यात संकोच नसतो आणि नकारही क्वचितच येतो.

वेसवीहून केळशी, आंजर्ले, हर्णै असा किनाऱ्याकिनाऱ्याने किंवा मंडणगडमार्गे दापोली. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो, समोर सुवर्णदुर्ग. दापोलीहून दाभोळची एसटी, दाभोळहून फेरीबोटीने धोपावे, तिथून गुहागर. गुहागरहून वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळ. तवसाळहून शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगड. जयगडहून रत्नागिरीला गाड्या आहेत. त्यातली गणपतीपुळ्यावरून जाणारी कोणती ते वाहकाला विचारून बसावं, कारण गणपतीपुळे ते रत्नागिरी आरे-वारेचा रस्ता एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असा आहे. इटलीचा अमाल्फी पाहायला लोक समुद्रापार जातात. आरे-वारेचं वळण साध्या एसटीच्या खिडकीतून दिसतं.

उरण ते रत्नागिरी या सगळ्या प्रवासात पाच खाड्या बोटीने ओलांडल्या: धरमतर, राजपुरी, सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री. रात्री पाच किंवा सहा धराव्यात. ज्याला एवढा वेळ नाही त्याने कण्यावरून जावं. दिव्याहून सावंतवाडीला जाणारी पॅसेंजर जवळपास प्रत्येक लहान स्टेशनावर थांबते आणि साधं तिकीट काढून बसता येतं. ती सकाळी लवकर सुटते, म्हणून वाशिंदकराने पहाटेची लोकल धरायला हवी. ही गाडी वेगाने जात नाही, एक्स्प्रेसला वाट देत जागोजागी उभी राहते. पण विन्हेरे, करंजाडी, अंजनी अशा स्टेशनांवर उतरणारी माणसं आणि त्यांची गाठोडी पाहत जाणं हाही कोकण समजून घेण्याचा मार्ग आहे. एक सावधगिरी: कोकण रेल्वेची बरीच स्टेशनं गावाबाहेर आहेत. राजापूर रोडहून राजापूर गाव चांगलं लांब आहे, रत्नागिरी आणि सावंतवाडीचं स्टेशनही शहरापासून काही किलोमीटरवर. रात्री अवेळी उतरलात तर एसटी मिळत नाही आणि रिक्षावाला सांगेल ते भाडं द्यावं लागतं. दिवसाउजेडी उतरण्याचं तिकीट काढा.

किनाऱ्यावर घड्याळाइतकंच महत्त्व तिथीला आहे. कोळी आणि खारवी लोक वापरतात तो हिशेब सोपा आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराच्या सुमारास. पौर्णिमेला सव्वा अकराच्या आसपास भरती, तर ओहोटी संध्याकाळी पाचनंतर. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पायी जाता येतं, म्हणून तिथे अष्टमीच्या दुपारी पोचणारा माणूस चालत जातो आणि पौर्णिमेच्या दुपारी पोचणाऱ्याला होडी करावी लागते. हा अंदाज आहे, प्रत्यक्ष वेळेत फरक पडतो, आणि पाण्यात पाय घालण्याआधी तिथल्या माणसाला विचारलंच पाहिजे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. लहान लाँचच्या धक्क्यावर चढणं-उतरणं त्या दिवसांत अवघड होतं.

पावसाळ्याचं गणित वेगळं. मेअखेरपासून गेटवे-मांडवा बोटी आणि जंजिऱ्याच्या होड्या बंद होतात, त्या पावसाळा ओसरल्यावरच सुरू होतात. खाडीतल्या फेरीबोटी बहुतेक दिवस चालतात, पण वादळाचा इशारा आला की थांबतात. कोकण रेल्वे जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळी वेळापत्रकावर जाते: दरडींच्या भीतीने गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि वेळा बदलतात. हे बंधन जाचक वाटलं तर २ ऑगस्ट २०१६ ची रात्र आठवावी. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि जयगड-मुंबई व राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. कोकणात पावसात गाडी उशिरा येत असेल तर तिला येऊ द्यावं. गणपतीचे आठ-दहा दिवसही भटकंतीसाठी टाळावेत. राज्यभरातल्या आगारांतून जादा गाड्या कोकणाकडे वळतात, तरी त्या घरी निघालेल्या माणसांना पुरत नाहीत. त्या दिवसांतली जागा त्यांची आहे.

खर्चाबद्दल दोन शब्द. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पास या प्रवासासाठीच जणू केलेला आहे. दिवसातून तीन-चार गाड्या बदलायच्या असतील तर तो घ्यावाच. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून मोफत प्रवास. आजी, आई आणि लेक अशा तिघी निघाल्या तर रत्नागिरीपर्यंतच्या एसटी प्रवासाचा खर्च फार थोडा होतो. असा तीन पिढ्यांचा प्रवास आपल्या भागातून अधिक व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं.

रत्नागिरीच्या खाली चित्र पालटतं. भाट्ये, पूर्णगड, जैतापूर अशा खाड्यांवर पूल झाले आहेत, त्यामुळे पावस, गावखडी, कशेळी, नाटे असा किनारा एसटीने बदलत बदलत पार करता येतो. विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण. मालवणहून देवबागला जावं: एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी जीभ, तिच्या टोकाला रस्ता संपतो आणि एसटी तिथूनच परत फिरते. समोरचं भोगवे डोळ्यांना दिसतं, पण रस्त्याने फार लांब पडतं. वेंगुर्ल्याहून शिरोडा, रेडी आणि मग तेरेखोलचा किल्ला. तो नदीच्या अलीकडे असूनही गोव्याच्या हद्दीत आहे. तिथून केरीला गोवा सरकारची फेरीबोट जाते, आणि गोव्याच्या या सरकारी फेरीबोटींत पायी माणसाला तिकीट नाही. नदी ओलांडणं हा लोकांचा हक्क मानून तो फुकट देणारं शेजारचं राज्य आपल्याला दिसतं, याची नोंद आपल्या धोरणकर्त्यांनी घ्यावी.

कारण फेरीबोटींचे दिवस आता बदलणार आहेत. रेवस ते रेडी या सागरी महामार्गाची कल्पना अंतुले मुख्यमंत्री असतानापासूनची. आता रेवस-करंजा, आगरदांडा-दिघी, सावित्री, दाभोळ, जयगड अशा मोठ्या खाड्यांवर पूल उभारण्याचं काम राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतलं आहे. पूल हवेतच. ज्या गावातून रात्री रुग्णाला हलवायचं असतं, तिथे पुलाचं महत्त्व कोणी सांगायला नको. पण पूल मोटारीसाठी बांधला जातो. खाडीमुखावरचा पूल उंच आणि लांब असतो, त्याचे जोडरस्ते धक्क्यापासून आणि वस्तीपासून दूर सुरू होतात. आज दाभोळची मासे विकणारी बाई टोपली घेऊन पायी धक्क्यावर येते आणि काही मिनिटांत पलीकडच्या बाजारात असते. पूल झाल्यावर मोटारी तिकडे वळल्या आणि फेरीबोट तोट्यात जाऊन बंद पडली, तर तिच्यासाठी पलीकडचा किनारा पूर्वीपेक्षा दूर जाईल. म्हणून पुलांच्या आराखड्यातच दोन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: दोन्ही तोंडांशी एसटीचा थांबा आणि खाडी ओलांडणाऱ्या ठरावीक फेऱ्या, आणि जुन्या धक्क्यावरून पायी उतारूंची लहान लाँच चालू ठेवण्यासाठी अनुदान. महाराष्ट्र सागरी मंडळ आणि एसटी महामंडळ या दोन्ही संस्था राज्य सरकारच्याच आहेत. पहिल्या पुलाचं उद्घाटन होण्याआधी त्यांनी एकत्र बसून हे वेळापत्रक ठरवावं.